लुगांडात स्वराची लांबी आणि अक्षराचं वजन कसं काढायचं

बांटू भाषांचा (मध्य, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका मोठ्या भाषागटाचा) ध्वनिविचार शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना एकच चूक सारखी दिसते. शब्द समोर आला की मुलं थेट मात्रा मोजायला बसतात. वृत्तांचे गण पाडायची सवय असते, त्यामुळे लघु-गुरूच्या खुणा पटापट पडतात आणि उत्तर निम्म्या वेळा चुकतं. वजन काढणं, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या प्रत्येक अक्षराला किती मात्रा ते ठरवणं, ही शेवटची पायरी आहे. शब्दातली प्रत्येक लांबी कुठून आली, हे त्याआधी ठरायला हवं. लुगांडात लांबी येण्याच्या वाटा मोजक्या आहेत, पण त्या ठरावीक क्रमाने लागतात. क्रम उलटला की सगळं गणित बिघडतं.

उदाहरणाला लुगांडाच घेतली आहे. ही मध्य युगांडातल्या बुगांडा प्रदेशाची आणि कंपाला शहराची भाषा, भाषाशास्त्रज्ञ गथ्री यांच्या बांटू भाषांच्या वर्गीकरणात तिचा क्रमांक जे ई १५. स्वराची लांबी, व्यंजनाचं द्वित्त (तेच व्यंजन दुहेरी, जसं क्क), अनुनासिकाची जोडी (म्ब, न्ड अशी) आणि अर्धस्वर (य, व) या चारही गोष्टी इथे एकमेकींशी झगडताना दिसतात. लुगांडा जमली की बाकीच्या भाषांत फक्त फरक तपासायचे उरतात.

## तयारी: खुणा, कान आणि कागद

लिहिण्याची पद्धत आधी ठरवा. लुगांडाचे स्वर पाच: आ, ए, इ, ओ, उ. प्रत्येक स्वर ऱ्हस्व असतो किंवा दीर्घ, आणि लांबीने त्याचा रंग बदलत नाही. देवनागरीत गोंधळ होतो तो इथेच. मराठीत 'अ' आणि 'आ' यांत लांबीपेक्षा उच्चाराचा फरक मोठा आहे, तोंड वेगळं उघडतं. लुगांडाचा ऱ्हस्व आ हा आपल्या 'आ'सारखाच ऐकू येतो, फक्त आखूड. म्हणून ऱ्हस्वाला 'अ' आणि दीर्घाला 'आ' लिहिलंत तर चुकाल. या लेखात काना, वेलांटी, उकार हे सगळे ऱ्हस्व धरले आहेत आणि लांबी फक्त अवग्रहाने (ऽ) दाखवली आहे:

- ओकुसिका (ओढणे), ओकुसिऽका (तळणे)
- ओकुसाला (कापणे), ओकुसाऽला (नमाज पढणे)

पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी असा भेद इथे नाहीच. शुद्धलेखनाचे नियम थोडा वेळ बाजूला ठेवा.

कानावर किती विसंबायचं ते ठरवा. आपण 'दिन' आणि 'दीन' वेगळे लिहितो, पण रोजच्या बोलण्यात ते वेगळे काढता येत नाहीत. इ-उ यांच्या लांबीवर मराठीत अर्थ फारसा अवलंबून नाही, त्यामुळे कानाला ती ऐकायची सवय नसते. द्वित्ताचं उलट आहे. 'कला' आणि 'कल्ला' यांत कुणाचीही गल्लत होत नाही. म्हणजे लुगांडाचं द्वित्त तुम्हाला पहिल्या दिवशी ऐकू येईल. स्वराची लांबी मात्र मोजून खात्री करावी लागेल. लुगांडाचा दीर्घ स्वर ऱ्हस्वाच्या दुपटीहून जास्त लांब असतो, तेव्हा मोजलंत तर फरक लपत नाही.

कागदाचे पाच रकाने करा: रूढ स्पेलिंग, घटकांची फोड, लांबीचा उगम, प्रत्यक्ष उच्चार, मात्रा. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात. तो रिकामा असेल तर पाचव्यात काही लिहू नका.

> इशारा: सूर आणि लांबी वेगळ्या गोष्टी आहेत. उंच सुराचं अक्षर आपल्या कानाला लांब वाटतं. इंग्रजीसारखा आघात लुगांडात नाही, तेव्हा 'जोर कुठे पडला' हा प्रश्नच विचारू नका.

## १. स्पेलिंगकडून जेवढं मिळतं तेवढंच घ्या

लुगांडाचं रोमन लेखन १९४७ पासून प्रमाणित आहे आणि ते शिस्तीचं आहे. पण त्याचा एक नियम नवख्याला हमखास फसवतो: जी लांबी नियमाने आपोआप येते, ती लिहायची नाही. स्वराचं अक्षर दुहेरी दिसलं तर स्वर नक्की दीर्घ. एकेरी दिसलं तर तो ऱ्हस्व असेलच असं नाही.

लांबी असूनही ती न लिहिण्याच्या जागा तीन:

- व्यंजन आणि अर्धस्वर (व किंवा य) यांच्या जोडीनंतरचा स्वर
- अनुनासिक आणि व्यंजन यांच्या जोडीआधीचा स्वर
- शब्दाचा पहिला किंवा शेवटचा स्वर

पहिल्या जागेचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे 'मूल'. एकवचन ओम्वाऽना, अनेकवचन आबाऽना. दोन्हींत आ सारखाच लांब आहे. स्पेलिंगमध्ये मात्र अनेकवचनात स्वराचं अक्षर दुहेरी, एकवचनात एकेरी. फक्त स्पेलिंग बघून मोजणारा विद्यार्थी आईच्या एका मुलाला तीन मात्रा देतो आणि अनेक मुलांना चार. खरं तर दोन्ही शब्द चार मात्रांचे आहेत.

द्वित्ताच्या बाबतीत स्पेलिंगवर विश्वास ठेवायला हरकत नाही. व्यंजनाचं अक्षर दुहेरी असेल तर द्वित्त आहे:

- ओकुगुला (विकत घेणे), ओकुग्गुला (उघडणे)
- ओकुटा (सोडून देणे), ओकुट्टा (ठार मारणे)
- ओकुबा (असणे), ओकुब्बा (चोरणे)

शेवटच्या दोन जोड्या पाहिल्यात तर द्वित्त गाळून बोलण्याची हिंमत होणार नाही.

> तपासणी: पहिल्या रकान्यात शब्द जसा छापला आहे तसाच उतरवला आहे ना? उच्चार ऐकून स्पेलिंग 'सुधारलं' असेल तर परत मूळ लिहा. पुढच्या पायरीला ते तसंच लागतं.

## २. शब्द घटकांत फोडा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बांटू शब्द उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांच्या साखळीने बनतो, आणि लांबी बऱ्याचदा दोन कड्यांच्या सांध्यात जन्मते. सांधे दिसले नाहीत तर लांबीचं कारण कधीच सापडणार नाही.

नामात साधारण तीन कड्या असतात: सुरुवातीचा स्वर, वर्गाचा उपसर्ग (बांटू नामं लिंगांसारख्या वर्गांत विभागलेली असतात, त्याची खूण), मूळ. ओम्वाऽना म्हणजे ओ-मु-आना. आबाऽना म्हणजे आ-बा-आना. एक्याऽलो (गाव) म्हणजे एकि-आलो, त्याचं अनेकवचन एब्याऽलो म्हणजे एबि-आलो.

क्रियापदात कर्त्याचा उपसर्ग, काळाची खूण, कर्माचा उपसर्ग, धातू आणि शेवटचा स्वर अशी रांग लागते. 'आम्ही विकत घेतो' टुगुला. 'आम्ही विकत घेतलं' यात मध्ये भूतकाळाचा आ येतो: टु-आ-गुला, उच्चार ट्वाऽगुला. 'ते विकत घेतात' बागुला, 'त्यांनी विकत घेतलं' बा-आ-गुला, उच्चार बाऽगुला. शेवटच्या जोडीत वर्तमान आणि भूत यांच्यामधला दिसणारा फरक म्हणजे पहिल्या स्वराची लांबी. ऱ्हस्व-दीर्घात ढिलाई केलीत की तिथे काळच बदलतो.

फोड करायला सोपी युक्ती: एकवचन-अनेकवचन शेजारी लिहा. उपसर्ग बदलतो, मूळ तसंच राहतं, आणि सांधा आपोआप उघडा पडतो. द्वित्तालाही हीच युक्ती लागू पडते. एक्कुबो (रस्ता) याचं अनेकवचन आमाकुबो, एग्गि (अंडं) याचं आमागि. अनेकवचनात द्वित्त गेलं, म्हणजे ते मुळाचा भाग नाही, एकवचनाच्या वर्गाने आणलेलं आहे. मूळ शोधताना कुबो धरा, क्कुबो नाही.

> नेहमीची चूक: स्वाहिली या दुसऱ्या बांटू भाषेवरून अंदाज बांधून फोड करणं. शब्द सारखे दिसतात, पण लुगांडात सुरुवातीचा स्वर जास्तीचा असतो आणि सांध्यावरचे नियमही वेगळे.

## ३. लांबीचे उगम एकेक करून लावा, याच क्रमाने

फोड झाली की डावीकडून उजवीकडे जात पुढचे नियम लावायचे. क्रम मोडायचा नाही.

अ) मूळचीच लांबी. धातूत किंवा नामाच्या मुळात स्वर दीर्घच असतो. ओकुसिऽकामधला सिऽ असा आहे. याला नियम नाही, शब्दकोशातून घ्यायचा. उगमाच्या रकान्यात 'मूळचा' लिहा.

आ) दोन स्वर भिडले. पहिला स्वर इ किंवा उ असेल तर त्याचा य किंवा व होतो, आणि त्याची गेलेली मात्रा पुढच्या स्वराला मिळते. मु-आना → म्वाऽना. कि-आलो → क्याऽलो. टु-आ → ट्वाऽ. पहिला स्वर आ असेल आणि पुढेही आ आला, तर दोघे मिळून एक दीर्घ: बा-आना → बाऽना. स्वर आपली जागा सोडतो, पण वेळ मागे ठेवून जातो, आणि तो वेळ शेजाऱ्याच्या खात्यात जमा होतो. एवढं लक्षात ठेवलंत तर निम्मा लेख आठवणीत राहील.

इथे एक बारकावा आहे. अर्धस्वरामुळे येणारी लांबी व्यंजन आणि अर्धस्वर अशी *जोडी* झाली तरच नियमाने धरायची. एकटा य किंवा व पाहून स्वर लांब करू नका. ओकुवा (देणे) यातला व हे साधं व्यंजन आहे, तिथे काहीच गळलेलं नाही.

इ) पुढे अनुनासिकाची जोडी आली. म्ब, म्प, न्ड, न्ट, ङ्ग, न्ज अशी जोडी असेल तर तिच्या आधीचा स्वर लांबतो. ओकुगेऽन्डा (जाणे), आबाऽन्टु (माणसं), काऽम्पाला. मापनात हा स्वर मूळच्या दीर्घापेक्षा थोडा आखूड येतो, पण ऱ्हस्वापेक्षा ठळक लांब असतो. आलेख पाहून 'हा अर्धाच दीर्घ आहे' असं ठरवू नका. मात्रा दोनच.

ई) पुढे द्वित्त आलं. द्वित्ताआधीचा स्वर नेहमी ऱ्हस्व. आधीच्या नियमांनी तो दीर्घ झाला असला तरी इथे आखडतो. अक्षर हलकं होत नाही, कारण द्वित्ताचा पहिला अर्धा भाग त्याची दुसरी मात्रा भरून काढतो.

उ) शब्दाचा शेवट. शेवटचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. हा नियम शेवटीच लावायचा. ओकुल्या (खाणे) घ्या: ओ-कु-लि-आ. इ आणि आ भिडले, ल्याऽ झालं, मग शब्द संपला म्हणून ल्या. 'शेवटचा स्वर तर आखूडच, मग लांबी कुठली' म्हणून मधली पायरी गाळलीत तर पुढचं रूप अडतं. या क्रियापदाला -को जोडला ('थोडं खाणे') की ओकुल्याऽको होतं, लांबी परत येते. ती आली कुठून, याचं उत्तर गाळलेल्या पायरीत असतं.

> तपासणी: एका स्वराला दोन उगम मिळाले का? मिळू शकतात. ओम्वेऽङ्गे (दारू) म्हणजे ओ-मु-एङ्गे. इथे अर्धस्वरही लांबी देतो आणि पुढची ङ्गची जोडीही देते. लांबी एकदाच धरायची. दोन कारणं मिळून तीन मात्रांचा स्वर होत नाही.

## ४. आता अक्षरं पाडा

मराठी सवय सर्वांत जोरात आडवी येते ती इथेच.

आपण 'गंगा'ची अक्षरं गङ्-गा अशी पाडतो. अनुस्वार पहिल्या अक्षराला चिकटतो, आणि म्हणून 'गं' गुरू. लुगांडात अनुनासिकाची जोडी पुढच्या अक्षराच्या सुरुवातीला बसते: ओ-कु-गेऽ-न्डा. गेन्-डा अशी फोड नाही. लुगांडातली अक्षरं स्वरान्त असतात, अपवाद फक्त द्वित्ताचा. तिथे पहिला अर्धा भाग मागच्या अक्षरात राहतो: ओ-कुग्-गु-ला.

मग फरक काय पडला, दोन्हीकडे गुरूच ना? वजन सारखंच, पण वेळ खर्च झाला तो वेगळ्या ठिकाणी. 'गंगा'त आपण स्वर ताणत नाही, वेळ अनुनासिकावर जातो. गेऽन्डात स्वर खरोखर ताणला जातो. मराठी माणूस लुगांडा बोलताना ओळखू येतो तो इथे: 'गेन्डा' म्हणताना तो न वर रेंगाळतो. द्वित्ताच्या बाबतीत आपली सवय बरोबर ठरते, तिथे स्वर आखूड ठेवून व्यंजनावरच थांबायचं असतं.

> नेहमीची चूक: 'संयोगापूर्वीचं अक्षर गुरू' हा वृत्तांचा नियम जसाच्या तसा लावणं. लुगांडात व्यंजन आणि अर्धस्वराच्या जोडीने *मागचं* अक्षर जड होत नाही. ओम्वाऽना यात ओ एकाच मात्रेचा, जड आहे ते म्वाऽ. आपला कवी इथे पहिल्या ओ ला गुरू देऊन मोकळा होईल.

## ५. वजन मोजा

आता मोजणं सोपं आहे. ऱ्हस्व स्वराचं अक्षर एक मात्रा. दीर्घ स्वराचं दोन. ऱ्हस्व स्वर आणि पुढे द्वित्त असेल तर दोन. शब्दाच्या आत एका अक्षरात दोनपेक्षा जास्त मात्रा मावत नाहीत, तीन आल्या तर तिसऱ्या पायरीत काहीतरी दोनदा मोजलं गेलं आहे.

काही शब्द शेवटपर्यंत सोडवून पाहू.

ओकुलाबा (पाहणे) आणि 'मला पाहणे'. पहिला सरळ: ओ-कु-ला-बा, चार मात्रा. दुसऱ्यात धातूच्या आधी 'मला'चा न् येतो: ओ-कु-न्-लाबा. न् नंतर ल चा ड होतो, न्ड ही जोडी तयार होते आणि तिच्या आधीचा कु लांबतो. उच्चार ओकुऽन्डाबा. अक्षरं ओ-कुऽ-न्डा-बा, मात्रा १+२+१+१, म्हणजे पाच. गंमत अशी की कर्माच्या उपसर्गात स्वर नाहीच, तरी शब्दात एक मात्रा वाढली. अक्षरं तेवढीच राहिली, चार. अक्षरांची संख्या आणि मात्रांची संख्या वेगवेगळ्या मोजायच्या, हे पटवायला मी हेच उदाहरण देतो.

एक्येन्न्याऽन्जा (मासा). मूळ न्न्यान्जा, आधी एकि- आणि ए. कि आणि ए भिडले, क्य झालं, पुढचा ए लांबायला हवा. पण लगेच द्वित्त आहे, म्हणून तो ऱ्हस्वच राहतो. आ च्या पुढे न्ज आहे, म्हणून तो लांब. अक्षरं ए-क्येन्-न्याऽ-न्जा, मात्रा १+२+२+१, एकूण सहा. क्ये आणि न्याऽ दोन्ही जड आहेत. पहिल्यात दुसरी मात्रा व्यंजनाकडे गेली, दुसऱ्यात स्वराकडे. या एका शब्दात तिसऱ्या पायरीतले तीन नियम लागतात, म्हणून परीक्षेला घालायला उत्तम.

ओम्वेऽङ्गे. ओ-म्वेऽ-ङ्गे, १+२+१, चार.

ओकुसिऽका. ओ-कु-सिऽ-का, पाच. शेजारी ओकुसिका चार, आणि ओकुग्गुला (ओ-कुग्-गु-ला) पुन्हा पाच.

शब्दाची सुरुवातच द्वित्ताने होते तेव्हा काय करायचं? क्कुबो हे रूप सुरुवातीच्या स्वराशिवायही येतं, आणि ज्जाज्जा (आजी किंवा आजोबा) यात तर दोन द्वित्तं आहेत, एक अगदी तोंडाशी. त्या पहिल्या अर्ध्या भागाची स्वतःची एक मात्रा धरतात. सुरुवातीला असे शब्द यादीत घेऊच नका. स्वराने सुरू होणारं रूप घ्या, म्हणजे त्या मात्रेला मागे बसायला अक्षर मिळतं.

> तपासणी: एकवचन आणि अनेकवचनाच्या मात्रा शेजारी लिहा. एक्कुबो: एक्-कु-बो, चार. आमाकुबो: आ-मा-कु-बो, चार. इथे आकडे जुळले म्हणून सगळीकडे जुळतीलच असं नाही, पण फरक पडला तर त्याचं कारण उगमाच्या रकान्यात दाखवता आलं पाहिजे.

## ६. ध्वनिमुद्रणावर पडताळा

लुगांडा बोलणारी व्यक्ती मिळाली तर कागदावरचं उत्तर तिथे तपासता येतं. मोजायला प्राट हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते तयार केलं. मुद्रण वेव्ह फाइलमध्येच करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या आवाजावर मिलिसेकंद मोजत बसू नका.

शब्द एकटा बोलायला सांगू नका. एकटा शब्द म्हणजे वाक्याचा शेवटही तोच, आणि शेवटाजवळ उच्चार वेगळा होतो. एक आधारवाक्य ठरवा, त्याच्या मध्यभागी शब्द ठेवा, आणि सगळ्या शब्दांना तेच वाक्य वापरा.

आधारवाक्यात एक खड्डा आहे. आधीचा शब्द स्वराने संपतो आणि तुमचा शब्द ओ किंवा ए ने सुरू होतो. लुगांडात शब्दांच्या सीमेवरही स्वर भिडतात: आधीचा गळतो आणि पुढचा लांबतो. म्हणजे ओकुसिका या शब्दाचा पहिला ओ वाक्यात दीर्घ ऐकू येईल आणि तुम्ही 'नवीन शोध' लिहून आणाल. पहिलं अक्षर मापनातून वगळा. ज्या अक्षरावर प्रश्न आहे ते शब्दाच्या पोटात असू द्या.

सारख्याची तुलना सारख्याशीच करा. आ हा इ पेक्षा स्वभावतःच थोडा लांब असतो. म्हणून सिऽ ची तुलना सि शी करा, सा शी नाही. पुढचं व्यंजनही तेच हवं. अर्धस्वरानंतरचा स्वर नेमका कुठे सुरू होतो ते प्राटमधल्या आवाजाच्या चित्रात स्पष्ट दिसत नाही, म्वाऽ मध्ये व हळूहळू आ मध्ये विरघळतो. तिथे 'वाऽ' हा सगळा तुकडा मोजा आणि नोंदीत तसं लिहा.

द्वित्त मोजताना स्पर्श व्यंजनाची (क, ट यांसारख्या, हवा अडवणाऱ्या व्यंजनाची) बंद राहण्याची वेळ मोजायची असते. ट्ट किंवा क्क वाक्याच्या अगदी सुरुवातीला आलं तर आधीची शांतता आणि व्यंजनाची शांतता वेगळी काढता येत नाही. आधी स्वर हवाच. स्स, न्न यांना ही अडचण नाही, ते आवाज करतच लांबतात.

प्रत्येक वाक्य पाचदा म्हणवून घ्या, पहिलं आणि पाचवं टाकून द्या. यादी वाचताना माणूस सुरुवातीला जपून बोलतो आणि शेवटी उरकतो.

मोजण्याशिवाय आणखी दोन पडताळे आहेत. पहिला सुराचा. लुगांडात सूर मात्रेवर बसतो. एकाच अक्षरात वरून खाली उतरणारा सूर शब्दाच्या मध्ये ऐकू आला, तर त्या अक्षरात दोन मात्रा आहेत, कारण उतरायला दोन पायऱ्या लागतात. उतार नाही म्हणून अक्षर हलकं, असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नका. शब्दाचं शेवटचं अक्षरही या कसोटीला लावू नका.

दुसरा पडताळा खेळाचा. आपल्याकडे मुलं 'च'ची भाषा बोलतात, तशी लुगांडात लुडिक्या नावाची उलटबोली आहे, तिच्यात अक्षरं उलट्या क्रमाने म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ निक क्लेमेंट्स यांनी १९८६ साली तिचा पुरावा मांडला. अक्षरं जागा बदलतात, पण लांबी आणि द्वित्त जिथे होतं त्याच जागी राहतं, तिथे जे नवं व्यंजन येतं ते दुहेरी होतं. वेळेचा हिशोब ध्वनींपासून वेगळा ठेवला जातो, हे बोलणारी मुलंच दाखवून देतात. भाषकाला हा खेळ येत असेल तर तुमची शंका दोन मिनिटांत मिटेल. येत नसेल तर शिकवायला जाऊ नका, पुरावा बिघडतो.

> इशारा: 'हा स्वर लांब आहे ना?' असं विचारू नका. बहुतेक माणसं सौजन्याने हो म्हणतात. दोन चित्रं दाखवा, एकात दोर ओढणारा, एकात कढई. शब्द ऐकवा आणि बोट ठेवायला सांगा.

## ७. दुसऱ्या बांटू भाषेत जाताना

नियमांची ही रांग उचलून शेजारच्या भाषेला लावण्याआधी पुढचं पाहून घ्या.

स्वाहिलीत स्वराची लांबी अर्थ बदलत नाही. स्पेलिंगमध्ये दोन स्वर शेजारी दिसतात ती दोन स्वतंत्र अक्षरं. कुफा (मरणे) यात जोर कु वर. कुफाआ (उपयोगी पडणे) यात तीन अक्षरं आणि जोर मधल्या फा वर, कारण स्वाहिलीत जोर उपान्त्य (शेवटून दुसऱ्या) अक्षरावर पडतो. लुगांडाच्या चष्म्यातून पाहिलंत तर इथे खोटा दीर्घ स्वर दिसेल.

मलावीची चिचेवा आणि दक्षिण आफ्रिकेची झुलू यांत वाक्खंडाच्या (एका दमात बोललेल्या शब्दगटाच्या) उपान्त्य अक्षराचा स्वर आपोआप ताणला जातो. चिचेवात न्यामा (मांस) एकटं म्हटलं तर न्याऽमा ऐकू येतं, पुढे दुसरा शब्द जोडला की ताण पुढे सरकतो. ही जागेची लांबी आहे, शब्दाची नाही. उगमाच्या रकान्यात 'जागा' लिहा आणि शब्दकोशाच्या नोंदीत ती घेऊ नका.

झांबियाची बेम्बा लुगांडाच्या बरीच जवळ आहे. मूळची लांबी आहे, अर्धस्वरानंतरची आहे, अनुनासिकाच्या जोडीआधीचीही आहे. तिसऱ्या पायरीतले अ, आ, इ जवळपास तसेच चालतात. द्वित्ताचा नियम मात्र सोबत नेऊ नका, ते लुगांडाचं खास आहे.

रवांडाच्या किन्यारवांडात लांबी अर्थ बदलते, पण रोजच्या लेखनात ती दाखवतच नाहीत, सूरही नाही. तिथे वर्तमानपत्र किंवा पाठ्यपुस्तक समोर ठेवून पहिली पायरी करता येणार नाही. लांबीच्या खुणा देणारा अभ्यासकांचा शब्दकोश मिळवा, नाहीतर थेट सहाव्या पायरीपासून सुरुवात करा आणि मुद्रणावरून मागे, फोडीकडे या.